उष्णतेची मोट

पाणी आपण होऊन उतारावरून खाली वाहते. परंतु त्याला विहिरीतून वर आणावयाचे असेल, तर कोणाला तरी श्रम करावे लागतात. पूर्वी महाराष्ट्रातील मळ्यांतून हे काम मोट करीत असे. बैल धावेवरून खाली उतरत, नाडा ताणला जाई आणि तळाचे पाणी थारोळ्यात येऊन पडे. बैल पाणी निर्माण करीत नसत. ते केवळ वर आणीत. विहीर जितकी खोल, तितके त्यांचे श्रम अधिक.

उष्णतेचा स्वभावही असाच आहे. ती आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने नेणारी मोट म्हणजे 'हीट पंप' हे यंत्र. अशा यंत्राने घरे उबदार करता येतील, हा विचार केल्विन या शास्त्रज्ञाने १८५२ साली मांडला. पुढे १९३७-३८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराच्या नगरभवनात लिम्मात नदीच्या थंडगार पाण्यातून ऊब खेचून आणणारे यंत्र बसले. आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड अशा हिमाच्छादित देशांत कित्येक घरांबाहेर हे यंत्र घुमत असते.

बर्फाळ हवेत ऊब कुठली, असे कोणी विचारील. परंतु थंडीची अखेरची सीमा शून्याखाली सुमारे २७३ अंश सेल्सिअसवर आहे. तिच्या मानाने शून्य अंशाच्या हवेतही पुष्कळ उष्णता असते. यंत्रातील द्रव अतिशय कमी तापमानाला उकळतो. बाहेरच्या हवेतील उष्णता घेऊन त्याची वाफ होते, ती वाफ दाबली की तापते आणि आपली ऊब घरातील नळ्यांतून खेळणाऱ्या पाण्याला देते. साधी विजेची शेगडी एक भाग वीज घेऊन एकच भाग उष्णता देते. हे यंत्र साधारणतः तीन भाग देते.

मात्र हे दान सर्वांना सारखे मिळत नाही. बाहेर शून्य अंश तापमान असताना नळ्यांतील पाणी ५५ अंशांपर्यंत तापवावयाचे, तर एका भागाला तीन भागही पदरात पडणे कठीण. तेच पाणी ३५ अंशांवर ठेवले, तर चारच्या आसपास मिळू शकतात. विहिरीची खोलीच जणू कमी झाली! म्हणून जाणता गृहस्थ पाण्याचे तापमान एकदोन अंशांनी उतरवतो, एकदोन दिवस वाट पाहतो आणि खोल्या पुरेशा उबदार राहतात असे दिसले, तरच आणखी उतरवतो. बाहेरची थंडी पाहून पाण्याचे तापमान आपोआप कमीअधिक करण्याची सोयही पुष्कळ यंत्रांत असते. यंत्र वारंवार बंद करून पुन्हा घाईने घर तापविणे बहुधा महागात पडते; कारण त्या घाईत पाणी अधिक तापवावे लागते, आणि कधी साध्या विजेच्या तापकाची मदत घ्यावी लागते. संथपणे, अखंड चालणे हेच या यंत्राला मानवते. दारेखिडक्यांच्या फटी बुजविल्या की त्याचे ओझे आणखी हलके होते.

परंतु काटकसर आणि कंजूषपणा यांतील भेद विसरता कामा नये. घरातील वृद्ध आणि तान्ही मुले गारठली, तर वाचलेल्या विजेला काय अर्थ? नळ्यांतील पाण्याचा नियम टाकीत साठविलेल्या स्नानाच्या पाण्याला लावणेही योग्य नव्हे. कोमट साठ्यात रोगजंतू वाढतात. म्हणून ते पाणी ठराविक काळाने ६० अंशांपर्यंत तापविण्याची व्यवस्था असते.

हा धडा केवळ हिमप्रदेशाचा नाही. आपल्या घरातील शीतकपाट आणि मुंबईच्या उकाड्यात चालणारे वातानुकूलन यंत्र ही याच मोटेची भावंडे. ती उष्णता आतून बाहेर टाकतात, एवढाच फरक. बाहेर ३५ अंश असता खोली १८ अंशांवर आणण्यापेक्षा २४ अंशांवर ठेवण्यास वीज कमी लागते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या तारांकित वातानुकूलन यंत्रांत आरंभीचे तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम झाला. ते कमी करण्याची मोकळीक वापरणाऱ्याला आहेच. पण तसे करण्यापूर्वी खरोखर किती गारवा हवा आहे, एवढे त्याने स्वतःस विचारावे. आपल्या देशातील बरीच वीज आजही कोळसा जाळून तयार होते. मोटेचे श्रम जेवढे कमी, तेवढा तो कोळसा आणि त्याचा धूरही कमी.