गेंड्याने सही केलेली नसते

नेपाळात भीती विकत मिळते आणि तिचे दर पाटीवर लिहिलेले असतात. पोखऱ्याला फेवा तळ्याकाठच्या बाजारात एका दुकानापुढे लोकरीच्या टोप्या टांगलेल्या, तर शेजारच्या दुकानापुढे हवेत लोंबकळणाऱ्या, फेसाळ पाण्यात उलटणाऱ्या, पुलावरून खाली झेपावणाऱ्या माणसांचे फोटो. आत गेलं की आधी चहा येतो आणि चहामागून एक कागद. जे काही होईल त्याला मीच जबाबदार, मला हृदयविकार नाही, मी पूर्ण शुद्धीत आहे, असं बरंच काही त्यावर बारीक टायपात असतं. आपण चष्मा शोधेपर्यंत काउंटरवरचा पोरगा सहीची जागा बोटाने दाखवून मोकळा होतो. तो कागद पुरता वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वाचणारा बहुधा चहा पिऊन परत जात असावा.

या भीतीत एक सरळ जात आहे, दोरीची. तिबेटच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भोटेकोशी नदीच्या घळीवर एक झुलता पूल आहे. तिथून १६० मीटर खाली उडी मारायची सोय १९९९ पासून आहे. पायाला रबरी दोर बांधतात, वजन मनगटावर मार्करने लिहितात, मागून कुणीतरी आकडे मोजतं. मी त्या पुलावरून चालत गेले, दोन्ही हातांनी तारा धरून गेले आणि तशीच परत आले. उडी न मारल्याचं वाईटही वाटलं नाही. उडीला धैर्य लागतं, यात वाद नाही. पण त्या भीतीत पलीकडच्या बाजूला कुणी नसतं. वजन, लांबी, ताण यांचं गणित आधीच झालेलं असतं, आणि दोराला तुमच्याबद्दल काही मत नसतं. मला ओढ आहे ती दुसऱ्या भीतीची, जिच्या पलीकडे कुणीतरी जिवंत असतं, आणि त्याने त्या कागदावर सही केलेली नसते.

नदी या दोहोंच्या मधली. त्रिशूली काठमांडू-पोखरा महामार्गाला चिकटून बराच वेळ वाहते. वरून ट्रकांचे हॉर्न, खाली रबरी बोटी. आमच्या बोटीत निवृत्त अधिकाऱ्यांचा भरणा होता, त्यामुळे हुकूम सोडणारे पुष्कळ आणि वल्हं मारणारे थोडे. मागे बसलेला नावाडी विशी-बाविशीचा. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘गेट डाउन’ एवढीच त्याची भाषा. पहिल्या मोठ्या लाटेने सगळ्यांची पदं काढून घेतली. त्यानंतर तो ‘गेट डाउन’ म्हणाला की माजी मुख्य अभियंतासुद्धा बोटीच्या तळाशी उकिडवे. साहस म्हणजे बेफिकिरी, अंगावर घेणं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात पैसे मोजून आपण तिथे काय करतो, तर जन्मात कुणाचं ऐकलं नसेल इतकं निमूटपणे एका पोराचं ऐकतो. आणि तो पोरगा ऐकत असतो नदीचं. दर पावसाळ्यात ती खडक हलवते, धार बदलते. गेल्या वर्षीची वाट यंदा चालेलच असं नाही.

पोखऱ्याजवळच्या सारंगकोटच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंगच्या छत्रीने उडताना हे आणखी स्पष्ट होतं. पाठीशी बांधलेला पायलट एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावतो, ‘दौडना, दौडते रहना, बैठना नहीं.’ जमीन संपली तरी पाय चालू ठेवायचे. आमच्या गटातल्या एका काकूंनी साडीवर ट्रॅकपँट चढवली होती. त्या हवेत गेल्यावरही बराच वेळ धावत होत्या असं खालून बघणारे सांगतात. वर गेलं की डावीकडे माछापुच्छ्रे. ६,९९३ मीटरचं हे शिखर पवित्र मानतात, त्यावर चढाईला परवानगी नाही. १९५७ ची ब्रिटिश मोहीम माथ्याच्या थोडं खालूनच परतली. सगळं काही विकायला काढलेल्या देशात एक शिखर दुकानात ठेवलेलं नाही, हे मला फार आवडलं.

पायलटच्या पट्ट्याला एक छोटं यंत्र असतं. हवा वर उचलत असली की ते टिकटिक वाजतं. पण माझ्या पायलटचं लक्ष यंत्राकडे नव्हतंच, तो गिधाडं शोधत होता. उन्हाने तापलेल्या कड्यावरून गरम हवेचा खांब वर चढतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्यात शिरलेलं गिधाड दिसतं. पंख न हलवता ते गोल गोल वर जातं. ते दिसलं की आमची छत्री तिकडे वळे. एकदा तर एक गिधाड अगदी शेजारून गेलं. पंखाच्या टोकाचं एकेक पीस सुटं होऊन वाऱ्यात वाकत होतं, आणि प्रत्येक वेगळ्या अंशात. मान वळवून त्याने आम्हाला नीट न्याहाळलं. आम्ही अजून जिवंत आहोत हे लक्षात आल्यावर त्याचा रस संपला असावा, कारण ते तिरकं होऊन दरीत उतरलं.

या पक्ष्यांचं काय झालं, हे आपल्याला परकं नाही. नव्वदीच्या दशकात भारतातली, पाकिस्तानातली, नेपाळातली गिधाडं पटापट मरू लागली. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं भारतात शेकडा नव्व्याण्णवहून अधिक घटली. कारण सापडलं ते गुरांच्या औषधात: डायक्लोफिनॅक. दुखऱ्या गाईबैलाला टोचलेलं हे स्वस्त वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये तिन्ही देशांनी गुरांसाठी त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी चितवनच्या पश्चिमेला, नवलपरासीतल्या पिठौली गावाने एक वेगळीच खानावळ उघडली. म्हातारी, भाकड गुरं गावकरी विकत घेतात, मरेपर्यंत सांभाळतात, आणि ती आपल्या मरणाने गेली की निर्धोक मांस गिधाडांसाठी उघड्यावर ठेवतात. दुरून बघायला एक आडोसाही बांधला आहे. आपल्याकडे रायगडात फणसाडला आणि तिकडे गडचिरोलीत वनखात्याने अशीच सोय केली. लहानपणी कोकणात मेल्या ढोरावर गिधाडांचा गराडा पडे, त्याकडे आम्ही तोंड फिरवायचो. आता त्यांच्यासाठी ताट वाढावं लागतं. सारंगकोटवर हवेचा खांब शोधणाऱ्या पायलटच्या धंद्यामागे पिठौलीची ती म्हातारी गाय आहे, हे मात्र दुकानावरच्या फोटोत मावत नाही.

पिठौलीहून चितवन हाकेच्या अंतरावर. डोंगराळ देशाचा हा सपाट, दमट पायथा. इथे हिमालय हिवाळ्याच्या सकाळी तेवढा दिसतो, तोही दिसला तर. नेपाळवर राणांची सत्ता होती त्या काळात हे रान मुद्दाम राखलं होतं. मलेरियाने भरलेलं जंगल म्हणजे फुकटची तटबंदी. पिढ्यान्‌पिढ्या त्यात राहून मलेरियाला पुरून उरलेले थारू तेवढे इथे नांदत. बाकी यायचे ते शिकारीला, थंडीत. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला तेव्हा हत्तींचं कडं करून ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. पुढे पन्नाशीच्या दशकात डीडीटी फवारलं गेलं, मलेरिया हटला आणि डोंगरातले लोक जमिनीसाठी खाली लोटले. जे राजे-महाराजांच्या बंदुकांनी केलं नाही ते कुऱ्हाडी आणि नांगरांनी थोड्या वर्षांत केलं. साठीचं दशक संपता संपता गेंडे शंभराच्या आसपास उरले. १९७३ मध्ये चितवन नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे राखणीला सैन्य आलं. माओवादी संघर्षाच्या काळात सैन्याच्या चौक्या कमी झाल्या आणि शिंगांसाठी पुन्हा कत्तल झाली. तरीही २०२१ च्या मोजणीत देशात ७५२ गेंडे भरले. वाघ २००९ मध्ये १२१ होते, ते २०२२ मध्ये ३५५ झाले.

हे आकडे ऐकून आपण टाळ्या वाजवतो. उद्यानाला लागून असलेल्या सौराहा गावातला चहावाला वाजवत नाही. त्याच्या लेखी त्या आकड्यातला प्रत्येक वाघ कुणाच्या ना कुणाच्या गोठ्याजवळून जातो.

इथे जंगलात पायी जाता येतं. आपल्याकडे ताडोब्यात, पेंचला जिप्सीतून पाय खाली ठेवायची सोय नाही. इथे पुढे एक वाटाड्या, मागे एक, दोघांच्याही हातात फक्त बांबूची काठी. बंदूक नाही. निघण्यापूर्वी नदीकाठी उभं करून पुढच्याने धडा दिला. गेंडा आला तर जाड झाडाआड व्हा, जमलं तर चढा, नाहीच तर नागमोडी पळा आणि अंगावरची ओढणी, पिशवी काहीतरी टाका, तो हुंगायला थांबतो. अस्वल आलं तर सगळे एकत्र या, काठ्या आपटा. वाघ दिसला तर नजर हलवू नका, पाठ न दाखवता मागे सरका. मी विचारलं, ‘और हाथी?’ त्याने थोडा विचार केला. ‘हाथी आया तो दिदी, भागो।’ नागमोडी की सरळ, हे विचारायचं राहिलं.

हत्ती झाकेल इतक्या उंच गवतातली पायवाट. दोन हातांपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांची सद्दी संपते आणि कान जागे होतात. आमच्यातल्या कुणी बिस्किटाचा पुडा फोडला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग वाटेत गेंड्याचं शेणघर लागलं. तो त्याच त्या जागी येऊन शेण टाकतो, त्यामुळे चांगला उकिरड्याएवढा ढीग झालेला. वाटाड्याने काठीच्या टोकाने तो उकरला. आत कठीण बिया आणि त्यातल्या एकीला फुटलेला हिरवा कोंभ. भेल्लर म्हणतात त्या झाडाला. त्याची टणक हिरवी फळं गेंडा खातो आणि बी दूर कुठेतरी मोकळ्या उन्हात टाकून येतो. राजाने मारायचा, शिंगासाठी सोलायचा, तिकीट काढून बघायचा, असा हा प्राणी आपल्या पोटातून रान पेरत हिंडतो, ते कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

गेंडा भेटला तो त्यानंतर, शेवाळलेल्या डबक्यात, एका कडुलिंबाच्या झाडाएवढ्या अंतरावर म्हणावं तर झाड आडवं पाडून मोजावं लागेल इतक्यावर. आधी दिसले कान. एक आमच्याकडे वळला, दुसरा उलट दिशेला. दोन्ही वेगवेगळे फिरतात. त्याची नजर अधू, वास आणि आवाज यांवर सगळी भिस्त. वाटाड्याने चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहिला आणि हाताने आम्हाला डावीकडे सरकवलं. कुणी फोटो काढला नाही. मनाई नव्हती, पण कुणाला सुचलंच नाही. गेंडा शिंगाने भोसकतो असं मी समजत होते. हा खालच्या सुळेदार दातांनी फाडतो, हे वाटाड्याने नंतर, नावेत बसल्यावर सांगितलं. आधी सांगितलं नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे. त्या काही मिनिटांत आमचं काय व्हायचं ते सर्वस्वी त्या जनावराच्या मर्जीवर होतं, आणि त्याची मर्जी डुंबण्याची होती.

म्हणूनच हत्तीवरच्या सफारीला मी गेले नाही. तिथेही सही न केलेला एक आहे, फक्त त्याच्या मर्जीचा प्रश्न लहानपणीच अंकुश दाखवून निकालात काढलेला असतो. हत्तीसारात, म्हणजे हत्ती बांधतात तिथे, मात्र जाऊन बसले. संध्याकाळी माहूत कुच्ची वळत होते: गवताची एक जुडी मधे पसरायची, त्यात मूठभर भात, गुळाचा खडा, थोडं मीठ, आणि गवतानेच गाठ मारायची. एकामागून एक, बोलत बोलत, हाताकडे न बघता. हत्तीणीने सोंडेने एक उचलली, गाठ ढिली लागली म्हणून खाली टाकली. माहूत मुकाट्याने उठला आणि नवी वळून दिली. एवढा मान तिला तिथे होता. पायात साखळी होतीच.

परतीच्या नावेत वाटाड्या सांगत होता, की पौष-माघाच्या थंडीत काही दिवस हे उद्यान गावकऱ्यांसाठी उघडतं. परवाना घेऊन बाया-पुरुष विळे घेऊन आत शिरतात. छपरासाठी खर आणि भिंतींसाठी खडाई ही गवतं कापून डोक्यावर भारे घेऊन नदी उतरतात. पूर्वी वीस दिवस मिळत, आता मोजकेच. त्यांच्या पुढेमागे काठीवाले वाटाडे नसतात. उरलेलं गवत मग पेटवतात, कोवळे कोंभ फुटतात, त्यावर हरणं आणि गेंडे उघड्यावर चरायला येतात. माहितीपत्रकात फेब्रुवारी ते एप्रिल हा प्राणी दिसण्याचा उत्तम काळ म्हणून छापलेला असतो, तो त्यामुळे. वाटाड्याची आई दरवर्षी गवत कापायला जायची. ‘अब भी जाती है?’ मी विचारलं. घरावर पत्रा आला, आता काय गरज, असं तो म्हणाला. आणि मग आठवल्यासारखं करून, की जाते, गोठ्यासाठी जाते. पत्रा तापला की म्हैस दूध चोरते.