किपे, पास्तेलितो आणि जिन्यातली फजिती

परवा कामावरून घरी येताना जिन्यातच तळणीचा वास आला. दुसऱ्या मजल्यावर दोन्यांकडे कुणाचा तरी वाढदिवस असणार! इतक्या वर्षांनी मला एवढं वासावरून कळतं. आणि दरवेळी त्या वासाबरोबर एक जुनी फजितीही आठवते. आज ती सांगूनच टाकते.

आम्ही न्यूयॉर्कला, वॉशिंग्टन हाइट्समध्ये राहतो. मॅनहॅटनचं हे वरचं टोक. 1960 नंतरच्या दशकांत डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या लोकांनी ही वस्ती आपली केली. भाजीवाला, न्हावी, औषधवाला, सगळा व्यवहार स्पॅनिशमध्ये. 2011 साली आम्ही इथे आलो ते निव्वळ भाडं परवडलं म्हणून. 'दोन्या' हे काही नाव नव्हे. वयानं मोठ्या बाईला मानानं असं म्हणतात, आपण 'काकू' म्हणतो ना, साधारण तसंच. त्या मला 'बेसीना' म्हणतात, म्हणजे शेजारीण. आमचं नावावाचून कधीच काही अडलं नाही.

तर झालं असं, की सामान लावून आठवडासुद्धा झाला नव्हता आणि दारावर थाप पडली. दोन्या उभ्या. हातात एक ताटली, तिच्यावर दुसरी ताटली पालथी. आत सहा किपे. दोन्ही टोकांना निमुळते, तपकिरी, गरमागरम. भिजवलेला गव्हाचा जाडसर रवा आणि खिमा एकत्र मळायचा, आत पुन्हा खिम्याचं सारण भरायचं आणि तळायचं. मूळचा हा लेबनॉन-सीरियाकडचा किब्बे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिकडची माणसं या बेटावर येऊन स्थिरावली, आणि त्यांचा किब्बे असा काही रुळला की आज किप्यांशिवाय डॉमिनिकन पार्टी होत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की आत गोमांस आहे आणि मी शाकाहारी आहे.

नाही कसं म्हणायचं? भाषा येत नव्हती हे एक, आणि धीर नव्हता हे खरं. मी हसून 'ग्रासियास' म्हटलं, दार लावलं, किपे वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकले. अन्न टाकलं म्हणून आजीनं मला धपाटा घातला असता. पण आजीचीच दुसरी शिकवण मात्र मी पाळली: रिकामं भांडं परत करायचं नाही! ताटलीत बेसनाचे लाडू घातले आणि शिकलेले दोन शब्द म्हणाले, 'मुय रीको'. फार छान झाले होते.

झालं! बेसीनाला किपे आवडतात हे दोन्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग बारसं असो, वाढदिवस असो, आमचे सहा किपे ठरलेले. आणि त्यांच्याकडे माणसं सतत जमायची. अशा वेळी जे चटकमटक असतं त्याला पिकादेरा म्हणतात. 'पिकार' म्हणजे टोचणं, चोच मारणं. बोलता बोलता चोच मारल्यासारखं खायचं. किपे, पास्तेलितो, चीजचे गोळे, क्रोकेत, हे सगळं शेकड्यानं करतात किंवा मागवतात. जेवण यायला मध्यरात्र झाली तरी कुणी कुरकुरत नाही, कारण पिकादेरा फिरतच असतो. माझी तिथली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे तोस्तोनेस. कच्च्या केळ्याचे जाड काप तळायचे, दाबून चपटे करायचे, पुन्हा तळायचे, वर मीठ. आपल्याकडे हे कुणाला सुचलं कसं नाही कोण जाणे!

असो. पाच-सहा महिने मी असे किपे टाकत राहिले. मग एका शनिवारी कचऱ्याची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावरून निघाले आणि जिन्यात पिशवी फाटली. किपे गोल गोल घरंगळत पायऱ्या उतरायला लागले. एक, दोन, तीन... खाली दोन्या बाजार घेऊन वर येत होत्या, बरोबर नात. एक किपे अगदी त्यांच्या चपलेशी जाऊन थांबला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वाकून त्यांनी तो उचलला, झाडला, हातात धरून काहीतरी बोलल्या. नातीनं अवघडत इंग्रजीत सांगितलं, "आजी म्हणते, खात नाहीस तर सांगायचं. चौथ्या मजल्यावरचे आजोबा एकटे राहतात, त्यांना दिले असते."

मला वाटत होतं, मी त्यांचं मन राखत होते. त्या मात्र चौथ्या मजल्यावरचा हिशेब करत होत्या. मी खाल्लं नाही याचं त्यांना काहीच नव्हतं. ताटली माझ्यापाशी येऊन संपली, याचं होतं.

आठ दिवस आमचं बोलणं नव्हतं. नवव्या दिवशी थाप. ताटलीत सहा पास्तेलितो. आपल्या करंजीची पारी घ्या, पण गोल चकती करा आणि कडा काट्यानं दाबा, तसे. दोन्यांनी एकेकावर बोट ठेवलं. "केसो. केसो. केसो." सहाही चीजचे. तेल तेच असेल का, हा विचार मनात आला आणि मी तो जाऊ दिला. तिथेच दारात उभं राहून एक खाल्ला, जीभ भाजली. त्यांनी पूर्ण खाऊन होईपर्यंत पाहिलं. चुकलंच होतं ना माझं!

मग मी त्यांच्याकडून आरेपीता शिकले. युका नावाचा कंद किसायचा, त्यात अंडं, मीठ, साखर आणि बडीशेपेच्या वासाचे अनीसचे दाणे, आणि चमच्यानं तेलात सोडायचं. युका म्हणजे काय ते कळल्यावर मी उडालेच. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा! तिकडून समुद्र ओलांडून आलेला, आणि आता तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने. बेटावरचे मूळचे ताइनो लोक त्याचीच कासाबे नावाची भाकरी करत, आणि ती अजूनही होते. 2024 मध्ये युनेस्कोनं ती परंपरा आपल्या यादीत घेतली. महाशिवरात्रीला मी दोन्यांना साबुदाणा वडे दिले, शेजारी युकाचा कंद ठेवून हे समजावलं. त्यांचा विश्वास बसला नाही. वडा आवडला, पण मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं. दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि उरलेले वडे डब्यात घालून वर पाठवले. कुणाकडे ते सांगायला नकोच.

परवाही मी वास घेत दारापाशी रेंगाळले, तर दोन्यांनी आत ओढलंच. माझ्यासाठी केसोवाले वेगळे झाकून ठेवले होते. निघताना हातात दुसरी ताटली दिली, किप्यांची, आणि भुवयांनी वर खूण केली. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चौथा मजला माझ्याकडे आहे.

आजोबांनी साखळी काढून दार उघडलं, वरची ताटली उचलली, दारातच एक किपे तोंडात घातला आणि एक माझ्यापुढे केला.

"नो कोमो कार्ने," मी म्हटलं. मांस खात नाही.

"मास पारा मी," आजोबा म्हणाले. म्हणजे मला जास्त! आणि तोही त्यांनी खाऊन टाकला.