वहीच्या मागच्या पानावर

अंगणवाड्यांच्या पाहणीसाठी मालवण-देवगडात फिरत होते तेव्हा हातात छापील प्रश्नावली होती. आहार वाटला का? वजनं घेतली का? लसीकरण झालं का? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘हो’ आणि ते खरंही. इथल्या सेविकांच्या नोंदवह्या नीटनेटक्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून बहुतेक मोजमाप चाललंय ते हेच, किती वाटलं याचं.

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या एका वयनींना विचारलं, चार वर्षांचा मुलगा अंगणवाडीत का येत नाही?

“सकाळी लिलाव, मगे बाजार. तेका थय सोडतलो कोण?”

आणि धाकट्या मुलीसाठी घरी मिळणारी आहाराची पाकिटं? त्या हसल्या. “ती कोंबड्यांक घालतंय. चेडवाक पेज नि सुको बांगडो व्हयो.”

माझ्या कागदावर हे घर ‘लाभार्थी’च होतं. पाकीट पोचलं होतं ना!

देवगडच्या एका हापूसबागेत राखण करणारं नेपाळी कुटुंब भेटलं. हंगामाला अशी कितीतरी येतात. खोपीत दोनेक वर्षांची मुलगी, नाक वाहतंय, मुठीत कुरमुरे. सोबतच्या सेविकेनं तिच्या दंडाला घेर मोजायची फीत गुंडाळली. खूण पिवळ्या पट्ट्यात आली, म्हणजे साडेअकरा ते साडेबारा सेंटीमीटर, मध्यम कुपोषण. नोंदीच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपला आईचं आधार लागतं, हल्ली घरी न्यायचा आहार देताना तिचा चेहराही मोबाइलवर जुळवावा लागतो. ही आई नेपाळची, तिच्याकडे आधार नाही. सेविकेनं मुलीचं माप वहीच्या मागच्या पानावर टिपलं आणि पिशवीतून दोन पाकिटं काढून दिली. पुढच्या महिन्यात कुठून देणार, हे मी विचारलं नाही. प्रश्नावलीत मागच्या पानाला रकाना नव्हता.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी वारल्यांच्या अंगणात नेली, कारण मुलं शाळेपर्यंत येत नव्हती. गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणशाळा काढली. ‘अंगणवाडी’ला तो वारसा आहे. मालवणात तिला बंदरावर जायला काय हरकत आहे? लिलावाच्या वेळेत तिथं पाळणाघर चालवलं तर त्या वयनींचा मुलगा उद्यापासून येईल.

माझं मत अहवालात लिहिलंय, इथंही लिहिते. पुढच्या पाहणीला येणाऱ्यांनी आधी बंदर आणि बागा फिराव्यात, तिथली मुलं मोजावीत आणि मग अंगणवाडीची नोंदवही उघडावी.