एका टोपीची कड

आमच्या दिवाणखान्यांत काकूंची तसबीर आहे. तिजकडे मी होतां होईतों पाहत नाहीं. २०१९ सालीं काकू गेल्या, तेव्हां तेराव्याच्या आंत फोटो हवा म्हणून आम्हीं कपाटें उपसलीं. प्रत्येक समारंभाच्या चित्रांत काकू होत्या. पण त्या मागच्या रांगेंत, कोणाच्या तरी खांद्याआड, नाहीं तर पंगतींत वाढतांना वांकलेल्या. शेवटीं एका लग्नाच्या समूहचित्रांतून त्यांचें तोंड कापून मोठें करविलें. डोळ्यांच्या जागीं दोन करडे ठिपके आहेत. घरांत फोटोग्राफीचा नाद असलेला इसम मी एकटा. दोष कोणाचा हें कोणीं बोलून दाखविलें नाहीं, ही मंडळींची कृपा.

पुढें २०२३ सालीं तात्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा बेत ठरला, त्याच दिवशीं मीं मनाशीं घोकलें कीं, या वेळीं एक नीट तसबीर काढावयाचीच. तात्या म्हणजे काळा कोट, काळी टोपी व पांढऱ्या शुभ्र मिशा. पार्श्वभूमि गडद ठेवावी तर टोपी तींत विरघळून जाते. आमच्या एका भाचीनें मोबाइलवर टिपलेल्या चित्रांत तर यंत्रानें पार्श्वभूमीबरोबर टोपीहि पुसट करून टाकली होती. तें पाहून तात्या म्हणाले, "अग, माझें डोकें कोठें ठेवलेंस?" पार्श्वभूमि उजळ ठेवावी हा सोपा मार्ग खरा, पण मग चित्रास पारपत्रावरील फोटोची कळा येते.

यास उपाय काय, तें मला रोज सकाळीं घरांतच दिसत असे. माजघराच्या दाराची एक फळी लोटलेली व दुसरी उघडी असते, आणि तात्या तिकडे पाठ करून जपास बसतात. त्या उभ्या फटींतून येणारा उजेड त्यांच्या टोपीवरून, कानावरून, खांद्यावरून एक बारीक रुपेरी रेघ ओढतो. बाकी सारें काळोखांत. पण टोपीची कड कशी कोरल्यासारखी! मात्र तेथें चेहरा अंधारांत राहतो, आणि कॅमेरा ठेवावयास जागा नाहीं.

ज्यास स्ट्रिप सॉफ्टबॉक्स म्हणतात, तो म्हणजे असें अर्धें उघडें दारच. फक्त हवें तेथें उचलून नेतां येणारें. बाहेरून काळ्या व आंतून रुपेरी कापडाची एक अरुंद, लांबट पेटी. मागच्या तोंडास फ्लॅशचा दिवा, पुढच्या तोंडास पांढरें झिरझिरीत कापड. मीं पहिल्यानें ६० सेंटिमीटर लांबीची पेटी आणली. ती स्वस्त होती, आणि खोली लहान आहे ही सबब तयार होती. घरीं आल्यावर तिची कडी माझ्या दिव्यास बसेना. दिवा बोवेन्स पद्धतीच्या बैठकीचा, कडी निराळ्याच जातीची. 'सगळ्यांना बसते' असें दुकानदारानें सांगितलें होतें, आणि मीं दिवा बरोबर नेला नव्हता. कडी बदलून घेतल्यावर कळलें कीं, खरी चूक लांबीची. टोपी व कान उजळत, पण खांद्याशीं रेघ तुटून कोट पुन्हां काळोखांत बुडे. बसलेल्या माणसाच्या टोपीपासून कोपरापर्यंत रेघ अखंड हवी, तर पेटीहि तेवढी लांब हवी. शेवटीं ३० बाय १२० सेंटिमीटरची घेतली. दोन्ही बाजूंस दोन पेट्या लावण्याची पद्धत आहे. पण तशीं चित्रें मला जाहिरातींतल्या पहिलवानासारखीं वाटतात. एकच पुरे.

हीच पेटी समोर लावून मुख्य दिव्याचें काम कां करूं नये, असें पुतण्यानें विचारलें. चेहऱ्याच्या मानानें दिव्याचें तोंड जितकें मोठें, तितकी सावली मऊ. उभी पेटी उंचीला मोठी, पण रुंदीला जेमतेम दीड वीत; म्हणून नाकाची गालावर पडणारी सावली करकरीत होते. तरुण नटास तें शोभेल. तात्यांसाठीं समोर ९० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स लावला.

तरीहि पहिल्या दिवशींचीं चित्रें फसलीं. माडीवरची खोली दहा बाय बारा फुटांची, भिंती चुन्यानें रंगविलेल्या. पेटीच्या पांढऱ्या कापडांतून प्रकाश समोर जातो तसाच बाजूंनाहि फांकतो. तो भिंतींवर आदळून परतला. मागचा काळा पडदा करडा झाला, चेहऱ्यावरच्या सावल्या धुऊन निघाल्या, आणि थोडा उजेड थेट भिंगांत शिरून साऱ्या चित्रावर दुधाळ धुकें पसरलें. मग माजघराच्या दारास हा दोष कां नाहीं? तर तेथें भिंत दोन हात जाड. ती जाडीच उजेडाला बाजूला वळूं देत नाहीं.

ग्रिड म्हणजे ती जाड भिंत, कापडी पट्ट्यांची केलेली. चौकोनी घरांची ही काळी जाळी पेटीच्या तोंडावर वेल्क्रोनें बसते. घरें जितकीं अरुंद व खोल, तितका झोत निमुळता. ३०, ४०, ५० अंश अशीं मापें विकणारे सांगतात. मीं ४० ची घेतली, कारण ३० अंशांच्या झोतांतून माणूस जरा हलला कीं बाहेर जातो, आणि तात्या स्थिर बसणारे गृहस्थ नव्हेत. जाळी निम्मा प्रकाश गिळते, कधीं अधिकहि. तेवढा दिव्याचा जोर वाढवावा लागतो. घेतांना ती पेटीवर ताणून बसते कीं मध्येंच पोट सोडते, हें अवश्य पाहावें. सैल जाळीचीं घरें तिरकीं होतात, आणि मग ती असून नसून सारखीच. परीक्षा अगदीं सोपी आहे: कॅमेऱ्याच्या जागीं डोळा नेऊन पेटीकडे पाहावें, जाळीचीं घरें काळीं दिसलीं तर ठीक, आंतलें पांढरें कापड दिसलें तर भिंगालाहि तें दिसणार.

दुसरे दिवशीं पेटी तात्यांच्या मागें डावीकडे लावली. किंचित् पुढें आली तर नाकाचें टोंक उगाच चमके, म्हणून ती मागें सरकविली. पांढरी मिशी थोड्या उजेडांतहि पेटून उठते, आणि काळी टोपी तर सारें पिऊन टाकते. तेव्हां दिवा मंद करून पेटीचें वरचें टोंक टोपीकडे झुकविलें. चष्म्यांत समोरच्या दिव्याचें प्रतिबिंब येत होतें. समोरचा दिवा थोडा वर नेला, आणि कांचा जराशा खालीं झुकाव्या म्हणून चष्म्याच्या दांड्या कानांवरून सुताभर उचलल्या.

हें सारें चालू असतां तात्या कंटाळले. जाळीकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढे पैसे देऊन आणलेला उजेड, आतां अडवतोस कशाला?" त्या वेळीं त्यांच्या डोळ्यांत जी मिस्किली होती, ती मला सांपडली.

जिवंत माणसाची तसबीर हार घातलेल्या तसबिरीशेजारीं लावूं नये असें वहिनी म्हणाली, म्हणून ती समोरच्या भिंतीवर लावली. तात्या काठी टेकीत आले. आपली टोपी, तिची कड, मिशीचा एकेक केंस न्याहाळून समाधानानें हुंकार दिला. मग ते सावकाश वळले आणि काकूंच्या तसबिरीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"हिचें असें कां नाहीं काढलेंस रे?"

मी हातोडी घेऊन तसाच स्टुलावर उभा होतों.