आईचा आवाज ठेवायचा कुठे?

घर कितीही मोठं घ्या, माळा भरायचा तो भरतोच. लॅपटॉपचंही तसंच. माझ्या लॅपटॉपमधली २५६ जीबीची जागा भरत आली आणि तो रोज कुरकुर करायला लागला, तेव्हा बाहेरून जोडायची एखादी डिस्क घ्यावी असं ठरवलं. स्वस्त आणि मस्त, एवढीच अट. पण मंडळी, 'स्वस्त' म्हणजे नेमकं काय, हे ठरवता ठरवता गाडी भलत्याच रुळावर गेली. ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

खरेदीच्या आधी एक काम केलं. आत भरलंय काय, ते पाहिलं. निम्म्याहून जास्त जागा सिनेमांनी आणि कधीतरी उतरवून घेतलेल्या, न लागणाऱ्या फायलींनी खाल्ली होती. हे गेलं तरी पुन्हा मिळेल. जे पुन्हा मिळणार नाही, ते ६० जीबीच्या आसपास निघालं. बाबांच्या जुन्या अल्बमांचे स्कॅन, मुलीचे लहानपणचे व्हिडिओ आणि 'आई' नावाचं एक छोटंसं फोल्डर.

२०११ च्या श्रावणात आईच्या तोंडून कहाण्या रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. ११ फायली, सगळ्या मिळून ४०० एमबीसुद्धा नाहीत. शुक्रवारच्या कहाणीत मधेच कुकरची शिट्टी होते आणि आई म्हणते, "थांब रे, गॅस बंद करून येते." २०१३ मध्ये आई गेली. कहाण्या पुस्तकात मिळतील हो, पण ते "थांब रे" कुठल्या दुकानात मिळणार?

असो. तर बाजारात काय दिसलं ते सांगतो. पुण्यात अशा खरेदीला तापकीर गल्ली. दुकानदाराने दोन डब्या समोर ठेवल्या. एक साधी हार्ड डिस्क. हिच्या पोटात तबकडी फिरते आणि तिच्यावर चुंबकाने लिहिलं जातं. चालू असताना पडली की संपलीच म्हणायची. दुसरी एसएसडी. हिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे वेग कितीतरी जास्त आणि धक्क्याची भीती कमी. पण तेवढ्याच जागेला पैसेही बरेच जास्त. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली, तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळू शकतो. रोज व्हिडिओ संपादन करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. वर्षातून चार वेळा उघडायच्या फोटोंना तो वेग काय करायचाय?

तिसरा पर्याय इंटरनेटवर दिसतो. काही शे रुपयांत '१६ टीबी'चा पेनड्राइव्ह! त्याच्या वाटेला जाऊ नका. आत असते जेमतेम काही जीबी जागा, पण चिप संगणकाला खोटा आकडा सांगते. फायली भरल्यासारख्या दिसतात, नावंसुद्धा दिसतात, उघडायला जावं तर आत काही नाही. नवीन वस्तू आणली की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने ती काठोकाठ भरून, वाचून तपासता येते. वेळ लागतो, पण खात्री पटते.

भाचा म्हणाला, "मामा, कशाला हे सगळं? क्लाऊडवर टाक ना!" सल्ला वाईट नाही. पण क्लाऊड म्हणजे भाड्याचं घर. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. १५ जीबीच्या पुढे भाडं भरा, आणि भरतच राहा. 'आई' फोल्डर तेवढं तिथेही ठेवलंय, कारण ते फुकटात मावतं.

खरा निर्णय झाला तो एका परिचितांमुळे. त्यांनी लॅपटॉपमधलं सगळं नेमाने डिस्कवर उतरवलं होतं. आगगाडीच्या प्रवासात बॅग चोरीला गेली, आणि लॅपटॉप नि डिस्क दोन्ही त्याच बॅगेत. मुलीच्या बारशाचा एकही फोटो आज त्यांच्याकडे नाही. डिस्क चांगली होती, महागही होती. पण मालकाबरोबर एकाच बॅगेत होती.

म्हणून मी एक महाग एसएसडी न घेता १ टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क घेतल्या, मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक माझ्याकडे, एक नाशिकला ताईकडे. लॅपटॉपमधली धरून तीन प्रती झाल्या, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. जाणकार लोकही हेच सांगतात.

दोन बारीक गोष्टी. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच :-) आणि घरात कुणाकडे मॅक असेल तर डिस्क सुरुवातीलाच 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करा, म्हणजे दोन्हीकडे लिहिता-वाचता येते. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून ते रिकामी असतानाच उरकायचं.

डिस्क कपाटात ठेवून विसरणं मात्र चालत नाही. कधी ना कधी ती बिघडणारच, फक्त दोन्ही एकदम बिघडू नयेत एवढं पाहायचं. ताई आणि मी ठरवलंय, दर भाऊबीजेला डिस्कची अदलाबदल. माझी ताजी भरलेली तिच्याकडे, तिची माझ्याकडे, आणि परत येण्याआधी दोन्हींवरच्या दोन-चार फायली उघडून बघायच्या.

ताई म्हणाली, "दोन-चार कुठल्या ते मी सांगते. पहिली शुक्रवारची कहाणी लावायची."