ओटीत काय द्यावे?

थोरल्या लेकीच्या डोहाळजेवणात अकरा ब्लाउजपीस आणि तीन दुधाच्या बाटल्या आल्या. बाळ झाले ऐन पावसाळ्यात. लंगोट चारच, एकही वाळेना. ओल्याने बाळाच्या अंगावर पुरळ उठले. म्हणून सुनेच्या वेळी आम्ही आधीच यादी केली: दोन डझन सुती लंगोट, सहा दुपटी, टोपडी, रबरी कापड, मच्छरदाणी, थर्मामीटर. वस्तीतल्या आयाबायांनी एकेक वस्तू वाटून घेतली. बाटली यादीत नव्हती. पहिले सहा महिने आईचेच दूध पुरते. बाटलीच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदीही आहे. मागताना आम्हांला संकोच वाटला खरा. पण नातू भर पावसात कोरडा निजला आणि तो संकोच गेला. आपणही आहेर घेण्याआधी विचारा, ‘‘बाई, तुला काय हवे?’’