झील धरणारे

तमाशाच्या फडात सगळ्यांची नजर नाचणारीवर, नाहीतर सोंगाड्यावर. ढोलकीवाल्याचा हात बसलेला असेल तर थोड्या शिट्ट्या त्याच्याही वाट्याला येतात. पण गण सुरू झाला की जरा मागे बघावे. तिथे दोघे-तिघे सुरत्ये उभे असतात, एक हात कानाशी, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. गाणाऱ्याने ओळ सोडली की तिचे टोक ते वरच्या पट्टीत उचलतात आणि पुढची ओळ येईपर्यंत सूर खाली पडू देत नाहीत. ही झील. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी सोंगाड्याच्या कामावर महाराष्ट्रभर तंबू भरवले. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि जातीचा मान सोडून फडावर आले आणि पठ्ठे बापूराव झाले. ही नावे गावोगाव माहीत आहेत. त्यांच्या मागे झील धरणाऱ्यांची नावे मात्र जुन्या रसिकांनाही आठवून आठवून सांगावी लागतात.

सातारा आणि सांगली हा मुलूख 1949 पर्यंत बराचसा एकाच जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. कृष्णाकाठी ऊस, माणदेशात कुसळे, पश्चिमेला कोयनेचा धुवाधार पाऊस. जमीन इतकी वेगवेगळी, तसे गाणेही वेगवेगळे. पण या साऱ्या गाण्यांत एक माणूस हमखास सापडतो. तो स्वतः फारसे काही गात नाही, नुसता सूर धरून उभा राहतो. परंपरेचे संगीत आपल्याला का ओढून घेते, याचे उत्तर पुढच्या गायकापेक्षा या मागच्या माणसाकडे जास्त आहे.

कऱ्हाड तालुक्यात तारळी नदीकाठी पाल नावाचे गाव आहे. पौषात तिथे खंडोबाचे म्हाळसेशी लग्न लागते आणि भंडाऱ्याने अख्खे पात्र पिवळे होते. त्या गर्दीत वाघ्याच्या हातातले तुणतुणे जवळून पाहावे. लाकडाचे पोकळ नळकांडे, खालच्या तोंडावर ताणलेले कातडे, कातड्याच्या मध्यातून वर निघालेली एकच तार, बाजूला ठोकलेली काठी आणि काठीच्या टोकाला खुंटी. त्यावर सरगम वाजत नाही. एकच स्वर, दिवसभर, बारीक काडीने छेडलेला. शेजारी दिमडी बोलते, मुरळीच्या हातातली घंटा घोळते, जागरणाची कथा रात्रभर पुढे सरकते. हा एक स्वर आपली जागा सोडत नाही. मध्यरात्रीनंतर वाघ्याचा घसा बसतो. तेव्हाही कथा चालू राहते, कारण गळ्याला टेकायला तार असते.

वारकऱ्यांकडे हेच काम वीणा करते. शास्त्रीय संगीतातल्या बीनकारांची वीणा वेगळी. सप्ताहातल्या विणेवर कुणी राग आळवत नाही, तिच्या तारा फक्त छेडत राहायच्या. खटाव-तासगावकडच्या कोणत्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की देवळाच्या भिंतीवर पहारेकऱ्यांची यादी लागते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. ज्याची पाळी संपली तो आणि ज्याची सुरू होणार तो एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि मधे सूर तुटत नाही. ट्रॅक्टर चालवणारा, दूध संकलनाला जाणारा, शाळेतला मुलगा, सगळ्यांची नावे त्या यादीत असतात. गाता यायला हवे अशी अट नाही. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंदचा मुक्काम आटोपून चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते, तिथे टाळ-मृदंगाचा कल्लोळ टिपेला पोचतो. दिंडीतला विणेकरी त्या कल्लोळातही आपल्या तारा छेडत असतो. त्याचा सूर शेजारच्या चार माणसांपलीकडे ऐकू जात नसेल, पण त्याच्याशिवाय दिंडीला दिंडी म्हणत नाहीत.

सूर धरून ठेवायची ही रीत आली कुठून? एकाच ठिकाणाहून नक्कीच नाही. पण जात्याजवळ बसले तर एक धागा हाताला लागतो. पहाटे दोघी जणी खुंटा धरायच्या, दगडावर दगड फिरायचा, आणि त्या घरघरीवर ओवी यायची. घरघर हाच त्यांचा आधारस्वर. बाईने तो मागितला नव्हता, कामाने दिला होता. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. कागदावर त्या कविता म्हणून वाचता येतात. पण ध्वनिमुद्रणात जात्याचा आवाज मागे असला की त्याच ओवीचा जीव वेगळा लागतो. धनगरांचेही तसेच. कवठे महांकाळजवळ आरेवाडीच्या बिरोबाला किंवा म्हसवडच्या सिद्धनाथाला ढोल आणि कैताळ घुमू लागले की गजी नाच धरणाऱ्यांची पावले पडतात. ओवी एक बाजू टाकते, दुसरी बाजू तिचे शेपूट उचलते. मेंढरांमागे आयुष्य रानात काढणाऱ्याला हाक द्यायची आणि हाक झेलायची सवय असतेच, तीच गाण्यात उतरली असावी.

जगभर पाहिले तर हीच युक्ती माणसाने ठिकठिकाणी स्वतंत्रपणे शोधलेली दिसते. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये स्तोत्र गाणाऱ्याच्या मागे काही जण फक्त एक लांब स्वर धरतात, त्याला इसोन म्हणतात. सुरत्यांचे हे दूरचे भाऊच. बल्गेरियात सोफियाजवळच्या शोप खेड्यांत एक बाई चाल म्हणत असताना बाकीच्या खालचा स्वर लावून ठेवतात, आणि दोन्ही स्वर इतके जवळ असतात की हवा थरथरते. सार्डिनिया बेटावरचा मेंढपाळ लाउनेड्डास नावाची तीन बोरूंची पुंगी एकाच वेळी तोंडात धरतो. त्यातली सर्वांत लांब नळी आपला एकच स्वर सोडत नाही. स्कॉटलंडच्या बॅगपाइपला खांद्यावर तीन नळ्या असतात त्या याचसाठी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेतले आदिवासी वाळवीने आतून पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचे डिजरीडू करतात. कुणी कुणाकडून शिकले असे सिद्ध करायची गरजच नाही. स्थिर स्वर कानात असला की दुसऱ्या प्रत्येक स्वराचे अंतर कळते, तो जवळ आला की सुख होते, दूर गेला की हुरहुर लागते. राग म्हणा, पाळणा म्हणा, पोवाडा म्हणा, सगळ्यांचा खेळ त्या अंतराचा.

या स्वराचा कारखाना मिरजेत आहे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरले की घरांच्या ओसरीवर, माडीवर, जिन्याखाली भोपळेच भोपळे रचलेले दिसतात. हे खायचे भोपळे नव्हेत. भीमेच्या काठाला, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला हा कडू भोपळा लावतात; तो वेलावर वाळतो, टणक होतो आणि मग मिरजेला येतो. तानपुऱ्यासाठी इथे तो भिजवून मऊ करायचा, वरून कापायचा, आतला गर आणि बिया काढायच्या, आणि तोंड हवे तेवढे रुंद राहावे म्हणून आत काठ्या अडकवून पुन्हा वाळवायचा. मग त्याला तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, वर किंचित फुगीर तबली बसवायची. पुढे खुंट्या, घोडी, मणी, नक्षी, पॉलिश. एकेक हात वेगळ्या कामात तयार झालेला असतो. नक्षीवाला जवारीला हात लावत नाही.

हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा ओसरल्या, धार लावायला शस्त्रे उरली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली. पोलादाची पात पारखणारी बोटे तारेकडे वळली. पुढे आडनावच सतारमेकर झाले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या दीडशेहून जास्त वर्षांच्या हातकामाला.

यातले सर्वांत नाजूक काम जवारी लावण्याचे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो अगदी हलका गोलवा दिलेला असतो. कारागीर मांडीवर तानपुरा आडवा घेतो, कानशीने घोडीवर दोनदा घासतो, तार चढवतो, छेडतो, मान वाकडी करून ऐकतो. तार पुन्हा उतरवतो. पुन्हा कानस. पहिल्यांदा आवाज ठोकळ येतो, मग चिरका, मग कुठेतरी मधोमध तो उघडतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे गेला की स्वर मिटतो, केसभर मागे आला की फुलतो. जवारी नेमकी जुळली की खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार ऐकू येऊ लागतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही या तारेने गाठले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा कंप शून्य असतो तो उपस्वर तिच्यातून निघू नये, असा तारांचा सर्वमान्य नियम. 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात रामन यांनी दाखवले की तानपुरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत. रुंद, गोलवा दिलेल्या घोडीमुळे ते उपस्वरही भरघोस उमटतात. कानशीच्या दोन घाशांत कारागीर जे साधत होता, त्याचे कारण असे कागदावर आले.

सांगलीत त्याआधीच कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींच्या मोजमापात बुडालेले होते. त्यांचे पुस्तक 1910 चे. या खटपटीत गाऊन दाखवायला त्यांना गळा मिळाला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. कैरान्याहून आलेले खाँसाहेब मिरजेचेच होऊन गेले. 1937 मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर एका लहानशा स्टेशनात त्यांनी प्राण सोडला आणि मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांना माती दिली गेली. उरुसात तिथे आजही गायक हजेरी लावतात. घराणे कोणतेही असो, मिरजेला येऊन गायचे, ही त्यांची रीत. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना त्यांचा आवाज आणि तानपुरा यांच्यातली रेघ मधूनच पुसली जाते. या माणसाला जवारीचे मोल किती कळले होते, हे सांगायला आणखी पुरावा लागत नाही.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी पायपीट करून दक्षिणेत आणली, ती मिरजेत विष्णू दिगंबर पलुसकरांना मिळाली. 1896 मध्ये पलुसकर मिरज सोडून निघाले आणि 1901 मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. बुवांचेच दुसरे शिष्य अंतुबुवा जोशी साताऱ्यातल्या औंध संस्थानात राहिले. तिथला संगीतोत्सव 1940 पासून चालू आहे. या सगळ्या तालमीत शिष्याची पहिली काही वर्षे गुरूच्या मागे तानपुरा धरण्यात जायची. गाणे तिथे बसूनच अंगात मुरायचे. गुरूचा दम कमी पडला तर मागून दोन स्वर भरायचे, तेवढीच परवानगी. सुरत्याचे काम याहून वेगळे ते काय? फडाची पायरी आणि दरबाराची पायरी यांत समाजाने केवढे अंतर ठेवले, पण काम एकच.

आणि ही झील नेहमी गाण्यापुरतीच राहिली असेही नाही. 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे दिवस होते, तेव्हा शाहीर शंकरराव निकम गावोगाव पोवाडे म्हणत. पोवाड्यात मागच्यांनी जी जी म्हटले की अंगणात बसलेले लोकही ते उचलतात; मग गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे ओळखू येत नाही. इंग्रजांच्या पोलिसांना एक शाहीर पकडता येई, झील धरणारे अख्खे गाव कसे पकडणार? वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी हाच डफ मुंबईच्या गिरणगावात नेला. वाईजवळच्या पसरणीचे कृष्णराव साबळे, म्हणजे शाहीर साबळे, 1923 चा जन्म. त्यांनी वासुदेव, गोंधळ, भारूड, वाघ्या-मुरळी एका रंगमंचावर आणून महाराष्ट्राची लोकधारा उभी केली. त्यांनी गायिलेले महाराष्ट्रगीत 2023 मध्ये राज्यगीत झाले. शाळाशाळांत ते आता मुले म्हणतात, आणि त्यातली गंमत पुढच्या आवाजाइतकीच मागून उसळणाऱ्या कोरसाची आहे.

1979 मध्ये बंगळुरूला जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला आणि आता तो मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. एकट्याने रियाज करणाऱ्या मुलीला भाड्याच्या खोलीत तानपुरा ठेवायला जागा नसते. तिला त्या खोक्याने खरेच तारले. पण मैफलीतही दोन माणसांच्या जागी खोके ठेवले की मागे बसून शिकण्याची जागा रिकामी होते, आणि मिरजेच्या जवारीवाल्याचे एक गिऱ्हाईक कमी होते. तमाशात सुरत्यांच्या जागी कीबोर्ड आला तेव्हाही हेच झाले.

मानांकनाने वाद्याला गावाचे नाव दिले, आता माणसांनाही द्यावे. मैफलीच्या निमंत्रणावर तबला आणि हार्मोनिअमच्या साथीदारांची नावे ठळक असतात. तानपुऱ्यावर कोण बसणार हेही तिथे छापावे, आणि तानपुरा कुणी घडवला तेही. तंबूच्या पोस्टरवर सोंगाड्याच्या फोटोखाली सुरत्यांची नावे यायला हवीत. दोन ओळी लागतील, कागदाच्या खर्चात काही फरक पडणार नाही.